जुनी चांदी काढू का?

या महिन्याच्या पत्रांत दात भरण्याचा विषय इतक्या जणांनी काढला आहे की अक्कलदाढ, कवळी आणि तोंडाचा वास यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल. पत्रं लांबलचक होती, ती कापून दिली आहेत.

प्रश्न: मी ६६ वर्षांचा निवृत्त शिक्षक. १९८२ साली बी.एड. करत असताना खालच्या डाव्या दाढेत चांदी भरून घेतली होती. त्या दाढेने आजवर एकदाही त्रास दिलेला नाही. परवा मुलाच्या आग्रहाखातर दात साफ करून घ्यायला गेलो, तर तिथल्या तरुण डॉक्टरांनी आरशात दाखवलं, "काका, ही काळी पडलीय. जुनी पद्धत आहे. काढून पांढरं भरू." काढू का? आणि पांढरं किती वर्षं टिकेल? — एक वाचक, कराड

उत्तर: दाढ दुखत नाही, चांदीची कड शाबूत आहे आणि एक्स-रेमध्ये खाली कीड नाही, एवढं असेल तर काढू नका. काळा रंग हे काढण्याचं कारण होत नाही.

तुमच्या दाढेत आहे ते अमाल्गम. चांदी, कथील आणि तांब्याची भुकटी घ्यायची, ती पाऱ्यात घोटायची. वजनाने जवळजवळ निम्मा पाराच असतो. तुमची दाढ भरली त्याच सुमाराला मी डेंटल कॉलेजात हे शिकत होते. काचेच्या छोट्या खलबत्त्यात घोटायचं, मलमलच्या फडक्यात पिळून जादा पारा काढायचा आणि मग दाढेत थोडंथोडं दाबत जायचं. नीट दाबलं की बारीक करकर आवाज यायचा. आमचे सर पाठीमागे उभे राहून तो आवाज ऐकायचे आणि नाही आला तर सगळं उकरून काढायला लावायचे. दुसऱ्या दिवशी पॉलिशला या म्हणून सांगितलेलं असायचं. येत कुणी नसे.

हा धातू काळा पडतो कारण लाळेत तो हळूहळू गंजतो. दिसायला वाईट, पण त्या गंजाचा एक उपयोग आहे. चांदी दाताला चिकटत नाही. ती खड्ड्यात अडकून बसलेली असते आणि सुरुवातीला तिच्या कडेने केसाहून बारीक फट असते. गंजातून तयार होणारे क्षार ती फट भरून काढतात. म्हणजे पहिल्या काही महिन्यांपेक्षा ही भरणी पुढे जास्त घट्ट बसते. १९६० च्या दशकात तांब्याचं प्रमाण वाढवलेलं अमाल्गम आलं, त्यात सगळ्यात लवकर गंजणारा कच्चा घटक जवळजवळ नाहीसा झाला आणि कडा तुटायचं प्रमाण कमी झालं. शिवाय चांदी मुळात सोशिक. भरताना थोडी लाळ आली, पेशंटने जीभ लावली, डॉक्टर घाईत होते, तरी ती बऱ्यापैकी निभावून नेते. पांढऱ्या फिलिंगला यातलं काहीही खपत नाही.

पांढरं म्हणजे कंपोझिट. बारीक काचेची पूड भरलेलं रेझिन, म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिक. १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी अमेरिकेत दाखवलं की दाताच्या वरच्या थराला फॉस्फोरिक आम्ल लावून तो खरखरीत केला तर त्यावर प्लॅस्टिक पकड घेतं. १९६२ मध्ये राफाएल बोवेन यांनी त्यासाठी योग्य रेझिन तयार केलं. आजचं सगळं पांढरं काम या दोघांच्या कामावर उभं आहे. याची मोठी जमेची बाजू अशी की ते दाताला चिकटतं, त्यामुळे खड्डा लहान ठेवता येतो. चांदीसाठी आम्ही चांगला दातही कोरायचो, तिला अडकायला जागा हवी म्हणून.

आता अडचण. निळ्या प्रकाशाखाली रेझिन कडक होताना आकसतं, आकारमानाच्या साधारण दोन-तीन टक्के. भिंतीचा ओला गिलावा सुकताना कडेने सुटतो, तसंच हे. म्हणून ते एकदम न भरता दोन-दोन मिलिमीटरच्या थरांत भरायचं, प्रत्येक थर वेगळा कडक करायचा. नवीन प्रकारांत चार मिलिमीटरपर्यंतचा थर चालतो. यात कंटाळा केला तर कड सुटते आणि फटीतून परत कीड शिरते.

किती टिकतं, याचे आकडे परस्परविरोधी वाटतात, म्हणून जरा थांबून सांगते. लिस्बनमध्ये आठ ते बारा वर्षांच्या मुलांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. सात वर्षांनंतर चांदीच्या ९४.४ टक्के भरण्या शाबूत होत्या, पांढऱ्या ८५.५ टक्के. पांढऱ्यांच्या कडेला नवी कीड लागण्याचं प्रमाण चांदीच्या साडेतीन पट होतं. हे वाचून चांदी जिंकली असं वाटेल. पण नेदरलँड्समधल्या एका दवाखान्याच्या बारा वर्षांच्या नोंदी २०१० मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यात ज्यांना मुळात कीड कमी लागते अशा लोकांच्या तोंडात पांढरं फिलिंग चांदीपेक्षा जास्त टिकलं, आणि ज्यांना सारखी कीड लागते त्यांच्या तोंडात मोठ्या भरण्यांसाठी चांदी वरचढ ठरली. पुढे २०१४ मध्ये अनेक अभ्यासांची एकत्र मोजणी झाली, त्यात दाढेतल्या पांढऱ्या भरण्या दहा वर्षांत दर वर्षी सरासरी २.४ टक्क्यांच्या वेगाने खराब होतात असं निघालं. दाढेची जितकी जास्त अंगं, म्हणजे बाजू, भरलेली तितका धोका वाढतो, एकेका अंगामागे तीस-चाळीस टक्क्यांनी.

याचा तुमच्यापुरता अर्थ मी असा लावते. भरणीचं आयुष्य बरणीवरच्या नावाने ठरत नाही. खड्डा केवढा, भरताना दाढ कोरडी होती का, डॉक्टरांनी वेळ दिला का, आणि तुम्ही दिवसातून किती वेळा गोड चहा-बिस्किट खाता, यावर ते ठरतं. दिवसात सहा वेळा साखरेचा चहा घेणाऱ्याच्या तोंडात कोणतंच मटेरियल माझं नाव राखणार नाही.

आणि ज्यासाठी मी पहिल्या ओळीतच नको म्हटलं ते कारण: जुनी भरणी काढताना तिच्याबरोबर थोडा चांगला दातही जातो. कितीही हलका हात असला तरी जातो. आधीचा खड्डा मोठा होतो, मोठ्या खड्ड्यातली भरणी कमी टिकते, मग ती परत काढायची, मग कॅप, मग रूट कॅनॉल. एका धडधाकट दाढेला या रांगेत कशाला उभं करायचं?

काढायची वेळ केव्हा येते तेही सांगते. कडेला टोकदार हत्यार अडकून मऊ लागलं, एक्स-रेत भरणीखाली काळसर डाग दिसला, तुकडा उडून अन्न अडकायला लागलं, तर काढायची. आणखी एक लक्षण पेशंट स्वतः ओळखू शकतो: काहीतरी कडक चावलं आणि चावा सोडताना सणक गेली, तर दाढेला चीर पडलेली असू शकते. चांदी दाताला धरून ठेवत नसल्यामुळे मोठ्या भरणीच्या दाढेचं एखादं टोक वर्षानुवर्षं ताण सोसतं आणि एक दिवस चिवड्यातल्या दाण्यावर उडतं. तुमची भरणी खूप रुंद असेल, तर हे टोक वाचवण्यासाठी कॅप किंवा वरून झाकणारी भरणी सुचवणं योग्य ठरेल. तुमच्या तरुण डॉक्टरांना तेवढंच विचारा: "चीर दिसते का? एक्स-रेत कीड आहे का?" दोन्हीला नाही म्हणाले, तर दात साफ करून घरी या. फक्त एका कडेचा कपचा उडाला असेल तर तेवढीच कड दुरुस्त करता येते, सगळं उकरायची गरज नसते. हे बऱ्याच पेशंटना माहीत नसतं, आणि आम्हीही आपण होऊन सांगत नाही.

प्रश्न: माझ्या चार दाढांत "लेझरचं फिलिंग" केलं. दोन वर्षांत दोन पडली. डॉक्टर म्हणाले होते दहा वर्षं बघायला नको. मटेरियल हलकं वापरलं असेल का? — एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर: लेझर नव्हे, तो साधा निळा दिवा असतो. मटेरियल हलकं असेलही, पण माझा संशय आधी लाळेवर जातो. बाँडिंग, म्हणजे फिलिंग चिकटवायचा द्रव, लावलेल्या दातावर लाळेचा किंवा हिरडीतल्या रक्ताचा एक थेंब आला की पकड गेली. त्यासाठी रबर डॅम असतो, दाताभोवती ताणून बसवायचा रबरी पडदा. १८६४ पासून तो आहे आणि अजून कितीतरी दवाखान्यांत कपाटातच असतो. पुढच्या वेळी विचारायला लाजू नका.

दुसरा संशय दिव्यावर. दिव्याचं टोक दातापासून लांब धरलं, किंवा दिवाच म्हातारा झाला असेल, तर वरचा थर कडक होतो आणि तळ कच्चा राहतो. जुन्या हॅलोजन दिव्यांत हे फार व्हायचं. बल्ब डोळ्यांना झगझगीत दिसायचा, पण त्यातला कामाचा निळा प्रकाश उतरलेला असायचा. भारनियमनाच्या काळात, २००५ नंतरची ती दोन-तीन वर्षं, माझ्या गावात सकाळी वीज नसायची आणि इन्व्हर्टरवर दिवा धड चालायचा नाही. पांढऱ्या फिलिंगची सगळी कामं मी संध्याकाळवर टाकली होती. लोक कुरकुरायचे. आता एलईडीचे बॅटरीवाले दिवे आले, तरी त्यांची ताकद मोजायचं छोटं यंत्र मिळतं आणि ते प्रत्येकाने ठेवावं.

दहा वर्षांची गॅरंटी मी कुणाला देत नाही. पडलेली दोन्ही फिलिंगं त्याच डॉक्टरांना दाखवा आणि दातावर किडीचा नवा डाग आहे का ते पाहायला सांगा.

प्रश्न: मुलगी सात वर्षांची. खालच्या दुधाच्या दाढेत दोन दातांच्या मधल्या बाजूला कीड होती. पांढरं सिमेंट भरलं, चार महिन्यांत पडलं. परत भरलं, परत पडलं. आता डॉक्टर स्टीलची टोपी बसवू म्हणतात. दुधाचा दात तर पडणारच आहे, मग एवढा खर्च कशाला? — एक आई, चिपळूण

उत्तर: टोपी बसवा.

भरलेलं सिमेंट म्हणजे ग्लास आयनोमर. विल्सन आणि केंट या दोघांनी लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत ते शोधलं, १९७२ मध्ये त्यावरचा लेख आला. मला ते फार आवडतं. दाताशी रासायनिक रीतीने चिकटतं, थोडी ओल चालते, फ्लोराइड सोडत राहतं. चुळबुळ करणाऱ्या मुलाच्या तोंडात पटकन भरता येतं. पण ते ठिसूळ आहे. वरच्या खळग्यात छान राहतं. दोन दाढांच्या मधल्या बाजूला, जिथे चावताना कड दबते, तिथे तुटतं. मोठ्यांच्या दाढांवरच्या अभ्यासांची एक मोजणी २००४ मध्ये झाली होती. त्यात चांदी वर्षाला सरासरी ३ टक्के खराब होते, पांढरं कंपोझिट २.२ टक्के आणि ग्लास आयनोमर ७.२ टक्के. दुधाच्या दाढेत तर मुळात चांगला दातच कमी असतो. तिसऱ्यांदा भरलं तरी तेच होईल.

आणि तो दात इतक्यात पडणार नाही. दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांच्या आसपास पडतात, म्हणजे अजून तीन-चार वर्षं तिला त्यावर भाकरी चावायची आहे. तोवर ती जागा राखणं हे त्या दाढेचं दुसरं काम. लवकर काढली तर मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि नवा दात वाकडा येतो.

स्टीलच्या टोपीला घाबरू नका. नॉर्ना हॉल नावाच्या स्कॉटलंडमधल्या दंतवैद्यांच्या पद्धतीने ही टोपी कीड न कोरता, इंजेक्शन न देता बसवता येते. आतल्या जंतूंना वरून साखर मिळेनाशी झाली की कीड थांबते. दात आतून दुखत नसेल, पू नसेल, तरच हे चालतं. ते डॉक्टर तपासतीलच. टोपी बसवल्यावर चावा थोडा उंच लागतो, मुलगी दोन दिवस तक्रार करेल, काही आठवड्यांत दात आपले जुळवून घेतात. दात पडायची वेळ आली की टोपीसकट पडतो. चांदीची दाढ म्हणून शाळेत मिरवतात मुलं.

प्रश्न: माझ्या आईला (वय ५८) पुढच्या दातांच्या मुळाशी, हिरडीजवळ, खाचा पडल्या आहेत. थंड पाणी लागलं की दात आंबतात. तीनदा भरून घेतलं, टिकत नाही. ती सकाळ-संध्याकाळ मिशरी लावते. — एक वाचक, सांगोला

उत्तर: तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. भाजलेल्या तंबाखूची भुकटी बोटाने दातांवर घासली की हिरडीजवळचा मऊ भाग झिजतो. जे घासून दात गेला त्याच घासण्यात भरणीही जाते. मिशरी सुटेपर्यंत चौथ्यांदा भरण्यात पैसे घालू नका. आणि खाचांपेक्षा मला तिच्या गालांच्या आतल्या बाजूची आणि हिरडी-ओठांमधल्या खोबणीची जास्त काळजी वाटते. तिथे पांढरा किंवा लाल चट्टा आहे का हे या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. तंबाखू ती थुंकत असली तरी तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहे.

मिशरी सुटली, किंवा निदान कमी झाली, की मग ग्लास आयनोमर भरायला सांगा. हिरडीजवळच्या या खाचांत ते कंपोझिटपेक्षा चांगली पकड धरतं. वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत, काचेसारखा झालेला दात आम्लाने नीट खरखरीत होत नाही, म्हणून बाँडिंग तिथे फसतं. मऊ ब्रश, हलका हात. आम्लपित्त असेल, किंवा लिंबू-चिंच चोखायची सवय असेल, तर त्यानेही झीज वाढते. ज्या खाचा उथळ आहेत आणि आंबत नाहीत त्या भरूच नका.

प्रश्न: मी सध्या श्टुटगार्टला असते, पाचवा महिना सुरू आहे. लहानपणी नाशिकला भरलेल्या दोन चांदीच्या दाढा आहेत. इथे आता चांदी भरणं बंद झालंय असं कळलं. मग माझ्या तोंडात आहे ते विष आहे का? बाळंतपणाआधी काढून घेऊ? — एक वाचक

उत्तर: आत्ता अजिबात हात लावू नका. चांदीच्या भरणीतून पाऱ्याची वाफ सगळ्यात जास्त निघते ती भरताना आणि काढताना. जागच्या जागी बसलेली भरणी चावताना फार थोडी वाफ सोडते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये गरोदर स्त्रियांना नवी चांदी भरणं टाळा असं सांगितलं, आणि त्याच सल्ल्यात शाबूत असलेली जुनी चांदी काढू नका असंही सांगितलं. दोन्ही गोष्टी एकत्र वाचायच्या.

युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून चांदी बंद आहे. वैद्यकीय गरज असेल तेवढाच अपवाद. नॉर्वे आणि स्वीडनने तर २००८-०९ मध्येच ती थांबवली. या बंदीमागे मुख्य विचार पर्यावरणाचा आहे: दवाखान्यांच्या सांडपाण्यातून आणि स्मशानांतल्या धुरातून पारा पाण्यात, माशांत जातो. पाऱ्याविरुद्धचा मिनामाता करार २०१७ पासून लागू आहे, भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. २०२२ मध्ये त्यात ठरलं की पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांना अगदी गरज नसेल तर चांदी भरायची नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात २०३४ ही सगळीकडे बंद करायची मुदत ठरली. मला व्यक्तिशः ते पटतं. फक्त खेड्यातल्या पेशंटसाठी तितकं सोशिक आणि स्वस्त दुसरं काही अजून माझ्या हाती आलेलं नाही, ही हुरहुर आहे.

बाळंतपणानंतरही भरणी तुटली किंवा कीड शिरली तरच काढा. काढताना रबर डॅम, भरपूर पाणी, जोरदार सक्शन हवं, आणि चांदीची पूड न करता मोठे तुकडे सुटतील असं कापायला हवं. तिथल्या डॉक्टरांना हे सांगावं लागणार नाही.

प्रश्न: आमच्या आजोबांच्या दाढेत सोनं भरलेलं होतं, ते शेवटपर्यंत टिकलं. सोनं खरंच सगळ्यात चांगलं का? — एक वाचक, मडगाव

उत्तर: टिकण्याच्या बाबतीत, हो. वर सांगितलेल्या २००४ च्या मोजणीत ओतीव सोन्याच्या भरण्या वर्षाला १.४ टक्केच खराब होत होत्या. सोनं गंजत नाही, दाताइतकंच झिजतं, समोरच्या दाताला खात नाही. ते बसवायला मात्र दोन खेपा, माप, चांगली लॅब आणि सोनं लागतं.

प्रश्न: पूर्वी चांदी भरली की "उद्यापर्यंत या बाजूने खाऊ नका" म्हणायचे. आता पांढरं भरल्यावर लगेच खा म्हणतात. खरं काय? — एक वाचक, वर्धा

उत्तर: दोन्ही खरं. चांदीला पूर्ण ताकद यायला चोवीस तास लागतात. कंपोझिट दिव्याखाली तिथल्या तिथे कडक होतं. ग्लास आयनोमर भरलं असेल तर तासभर काही खाऊ नका आणि त्या दिवशी त्या बाजूने कडक चावू नका. इंजेक्शन दिलेलं असेल तर कोणतंही मटेरियल असो, बधिरपणा जाईपर्यंत थांबा, नाहीतर गाल चावाल आणि रात्री मला फोन कराल.